गाळलेली एकतीस पानं

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं. तेरा दिवस मी तुमच्याबद्दल चांगलं बोलले. आल्यागेल्याला सांगितलं की फार करारी होत्या, वाचन दांडगं होतं, कुणापुढे वाकल्या नाहीत. बायका माना डोलवत होत्या. शेजारच्या शालनने तर डोळ्याला पदर लावला. आता पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा आपण नेहमीसारखं बोलू या.

मला तुमचा राग आलाय. त्यात नवीन काही नाही म्हणा, सदतीस वर्षं येतोच आहे. पण कालपासूनचा हा राग निराळा आहे, आणि तो ऐकायला तुम्ही जागेवर नाही याचाही राग आहेच. भांडण अर्धं टाकून उठून जायची खोड तुमच्या भावाला, अरूला होती. तुम्हाला नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत भांडायचात, आणि दुसऱ्या दिवशी दात घासता घासता राहिलेला मुद्दा मांडायचात.

मी लालबागची. बाबा गिरणीत, घरात मालवणी, एका खोलीत नऊ माणसं. लग्न होऊन गिरगावात या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही अडतीस वर्षांच्या होतात, लग्न केलेलं नव्हतं, विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होतात आणि घरात त्याहून वरच्या हुद्द्यावर होतात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तीन गोष्टी सांगितल्यात. अरूला मी वाढवलंय. आमटीत खोबरं कमी घाल. आणि त्या काचेच्या कपाटाला हात लावायचा नाही. पहिल्या दोन मी पाळल्या नाहीत. तिसरी पाळायला काहीच कष्ट नव्हते, कारण कपाटात फक्त पुस्तकं होती.

चार वर्षांपूर्वी तुमचा भाऊ सकाळी भाजी आणायला म्हणून गेला आणि बाजारातच कोसळला. तेराव्याला या घरात वीसेक माणसं जेवत होती. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढायला निघाले आणि दारातच माझं भान सुटलं. माझा जीव गेलाय हो, मीच मेलेय, असं काहीबाही ओरडले म्हणे. तेव्हा तुम्ही पंगतीत बसल्या बसल्या, आवाज न चढवता म्हणालात, "सुमन, गेला तो. तू नव्हे. निदान त्याचं मरण तरी त्याच्याकडे राहू दे. तेही घेऊ नकोस."

तेही! म्हणजे बाकी सगळं मी घेतलंच होतं. वीस माणसांच्या हातातला घास थांबला. तुम्ही ताक मागितलंत.

त्यानंतर आपण दोघीच उरलो. दोन खोल्या, दोन बायका, एक गॅस. बोलणं लागेल तेवढंच. आणि सव्वा वर्षापूर्वी डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांचं सांगितलं. पडदा झिजला होता, समोरचं मधलं दिसेनासं झालं होतं, कडेचं तेवढं दिसायचं. माझा चेहरा दिसत नाही याचं तुम्हाला फारसं दुःख नव्हतं. अक्षरं दिसत नाहीत याचं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही चाचपडत कपाट उघडलंत आणि एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या मांडीवर आपटलंत.

"रोज चार वाजता वाचून दाखवायचं."

एका जर्मन तत्त्वज्ञाचा ग्रंथ, इंग्रजीत आणलेला. मी म्हटलं, "हा तुम्ही तीनदा वाचलाय ना? मग आता कशाला?"

"वाचलाय. ऐकलेला नाही."

माझं इंग्रजी केसपेपरापुरतं. परळच्या इस्पितळात खिडकीवर तीस वर्षं बसले. नाव, वय, तक्रार, नातेवाईक कोण. त्यापलीकडे माझी धाव नाही. आणि या गृहस्थाचं एकेक वाक्य म्हणजे कर्ता गिरगावात, क्रियापद करी रोडला, आणि मध्ये भायखळ्याला कुणीतरी कंस उघडून बसलेलं. मी वाक्य वाचायचं. तुम्ही म्हणायचं, "परत." मी परत वाचायचं. मग तुम्ही म्हणायचं, "आता मराठीत सांग." मी सांगितलं की तुमचं लगेच, "चूक." मग तुम्ही अर्धा तास समजावून सांगायचात, आणि ते ऐकून मी म्हणायची, "हेच तर मी म्हटलं." त्यावर तुमच्या नाकपुड्या फुगायच्या. तेवढ्यासाठी मी रोज चार वाजता हजर असायची, हे कबूल करते.

समोरची चाळ पाडायचं काम तेव्हाच सुरू झालं होतं. पत्र्यांमागून दिवसभर धाडधाड आवाज. मी घसा ताणून वाचायची, तर शालनला वाटलं आम्ही पारायण लावलंय. दारात चपला काढून, हात जोडून विचारते, "कुठली पोथी हो?" मी म्हटलं, जर्मन. ती जरा चपापली. मागेच ख्रिश्चनांची खोताची वाडी, त्यामुळे तिला वाटलं, त्यांची असेल. "असू दे, देव एकच," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून चारच्या सुमाराला उंबऱ्यावर खडीसाखरेची वाटी ठेवू लागली. समाप्ती कधी ते आधी सांगा, मी शिरा करीन, असंही म्हणाली. तुम्ही भडकलात. या बाईला सांग, ज्याने देवाचं नावही न घेता एवढं पुस्तक लिहिलं, त्याला खडीसाखर दाखवते! पण खडीसाखर तुम्हीच संपवायचात, रोज.

पोथीचं निघालंच आहे तर सांगते. सासूबाईंना शेवटी मीच पोथी वाचून दाखवायचे, आणि मी ओव्या गाळायचे. त्यांची मान कलली की एकदम पाच ओव्या पुढे. सकाळी सातची गाडी असायची माझी, सात दिवसांत समाप्ती करायची कशी? सासूबाईंना कधी कळलं नाही आणि देवाने कधी तक्रार केली नाही. तीच सवय मी तुमच्या जर्मनाला लावली. आधी तळटिपा गाळल्या. मग कंस. मग जिथे तो आधीचंच पुन्हा सांगतोय असं वाटायचं तिथले परिच्छेद, आणि तो तर आधीचंच पुन्हा सांगत असायचा. तुम्ही डोळे मिटून "हं" म्हणायचात. मला काय गंमत वाटायची म्हणून सांगू! सदतीस वर्षांत पहिल्यांदा या घरात असं काहीतरी चाललं होतं, जे माझ्या हातात होतं आणि तुमच्या नव्हतं.

एकदाच पकडलंत. "तळटीप गाळलीस. ही आईची पोथी नव्हे, सुमन." म्हणजे तेही तुम्हाला ठाऊक होतं. मी लाजले नाही. म्हटलं, वरचं पोटात जाईना, खालचं कुठे कोंबू?

सगळंच वाईट होतं असं नाही. आज तेरा दिवस उलटून गेल्यावर मला हे म्हणायला हरकत नाही. तो भाग आठवतो का, तुमचा जर्मन म्हणतो ना की माणूस या जगात फेकला जातो, आपल्याला न विचारता, कुठे पडायचं ते न सांगता? तुम्ही ते फार गंभीरपणे समजावत होतात. मला राहवेना. मी म्हटलं, "वन्सं, मी झाले तेव्हा आमच्या खोलीत सुईण होती, आत्या होती, बाजूच्या खोलीतल्या तिघी होत्या. बाहेर गॅलरीत आजी गरम पाणी घेऊन उभी. फेकलं कसलं? झेलायलाच पाच-सहाजणी होत्या. या माणसाला जन्मताना कुणी पाहिलंय की नाही?"

मला वाटलं, आता टोमणा येईल, भाजीबाजारातलं तत्त्वज्ञान म्हणून. पण तुम्ही म्हणालात, "हे कुठेतरी लिहून ठेव." एवढंच. मी उठून आत गेले आणि मोरीशी उगाच उभी राहिले. या घरात माझं बोलणं लिहून ठेवण्यासारखं आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, तुमच्या भावानेसुद्धा नाही. तो प्रेमळ होता, पण माझं ऐकताना पेपर खाली ठेवायचा नाही. तुम्ही माझं प्रत्येक वाक्य ऐकलंत, त्यातली चूक काढायला का होईना. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे आणि हे म्हणताना मला अजिबात बरं वाटत नाहीये.

लिहून मात्र ठेवलं नाही.

पहिल्या महिन्यापासून तुमचं एक टुमणं होतं. "मरणाचं प्रकरण आलं का?" मी म्हणायची, अजून अवकाश आहे. आठ दिवसांनी परत तेच. आणि वाचताना मी जरा थांबले, ठसका लागला, ओळ चुकली, की तुम्ही खुर्चीत पुढे सरकायचात. "काय झालं? का थांबलीस?" घसा बसलाय म्हटलं की मागे टेकून म्हणायचात, "मग पाणी पी." मला वाटायचं, ही हेडक्लार्कची सवय. हाताखालचा माणूस थांबला की यांना चैन पडत नाही.

मग एका दुपारी ते प्रकरण आलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही पाणी प्यायला आत गेला होतात तेवढ्यात पहिला परिच्छेद मनातल्या मनात वाचला. त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याचं मरण कुणाला आपल्या अंगावर घेता येत नाही, ज्याचं त्याने मरायचं. बाकी इंग्रजी मला कळायला वेळ लागतो, हे एका दमात कळलं, कारण ते मी मराठीत आधी ऐकलं होतं. पंगतीत ऐकलं होतं, हातात श्रीखंडाचं पातेलं असताना. म्हणजे त्या दिवशी जे माझ्या तोंडावर मारलंत ते तुमचं स्वतःचंही नव्हतं. या माणसाचं होतं. मला मारायला तुम्ही जर्मनीहून दगड आणला होतात!

वाटलं, पुस्तक गॅलरीतून खाली टाकावं. आणि आता हेच मी माझ्या आवाजात, मोठ्याने, तुमच्यासमोर वाचायचं? त्यासाठीच महिनोन्महिने विचारत होतात तर, आलं का, आलं का म्हणून. माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. मी चिमटीत येतील तेवढी पानं धरली आणि उलटली. नंतर मोजली, एकतीस होती. पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागले, आवाजात काही फरक न पडू देता. मला वाटतं, तुमच्याशी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात मोठं भांडण होतं आणि त्यात एक शब्द बोलावा लागला नाही.

चार-पाच दिवस गेले. तुम्ही मध्येच हात वर केलात.

"हे काळाबद्दल बोलतोय ना आता?"

"हो."

"म्हणजे ते झालं."

"काय झालं?"

"काही नाही. वाच."

त्या दिवसापासून तुम्ही मरणाचं प्रकरण कधी विचारलं नाहीत. "परत" म्हणणं कमी झालं. मी चुकीचं मराठी केलं तरी "असेल" म्हणायचात. मी थांबले तरी खुर्चीत पुढे सरकत नव्हतात. कधी दहाच मिनिटांत "पुरे आजचं" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचात. मला वाटलं, हरल्या. सदतीस वर्षांनी का होईना, हरल्या एकदाच्या. त्या संध्याकाळी मी शालनकडे जाऊन बसले आणि उगाच हसत होते.

दोन महिन्यांनी तुम्हाला ताप आला, छातीत कफ झाला, चार दिवस इस्पितळात होतात. तिसऱ्या दिवशी मी खाटेशी बसले होते तेव्हा तुम्ही माझा हात चाचपलात. म्हटलं, काय हवंय? तुम्ही थोडा वेळ तो हात धरून ठेवलात आणि म्हणालात, "पुस्तक संपव." मी म्हटलं, घरी चला, मग बघू. मनात म्हटलं, मरतानाही हुकूम. चौथ्या दिवशी पहाटे गेलात. चंदनवाडीच्या स्मशानात कारकुनाने विचारलं, मयताच्या आपण कोण? मी म्हटलं, भावजय. त्याने लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाला, "जवळचं कुणी नाही का?" तीस वर्षं मीही खिडकीआडून हेच विचारलं होतं लोकांना.

आता कालचं. पाहुणे गेल्यावर मी तुमचं कपाट उघडलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी तुमच्या जर्मनाला रद्दीत काढणार होते. पण म्हटलं, जाऊ दे, आपण जे गाळलं ते एकदा बघून तरी घेऊ, म्हणजे रद्दीत टाकताना पोटभर शिव्या देता येतील. चार वाजले होते. तुमच्या खुर्चीसमोर बसले आणि त्या एकतीस पानांतलं पहिलं पान काढलं.

पहिली सात पानं नुसतं तेच, आधीचंच परत. आठव्या पानावर पेन्सिल दिसली. समासात सुरू होऊन छापलेल्या ओळींवर चढलेली अक्षरं, एकावर एक, वाकडी. तुमचं अक्षर मोत्यासारखं. ही अक्षरं डोळे जायला लागल्यानंतरची होती. पान खिडकीशी नेऊन वाचलं.

"सुमन, तेराव्याला बोलले ते चुकलं. त्यात पुस्तक कमी आणि मत्सर जास्त होता. अरू माझाही होता म्हणून. हे मोठ्याने वाचू नको. झालं की पुढे चल."

वन्सं, तुम्हाला तोंड नव्हतं? ज्या तोंडाने वीस माणसांत बोललात, त्याच तोंडाने मी मोरीत भांडी घासताना मागून येऊन म्हणायचं होतंत, सुमन, चुकलं माझं. पाच सेकंदांचं काम. त्यासाठी कुणी एवढ्या जाड ग्रंथात चिठ्ठी पुरून ठेवतं आणि माणसाला वर्षभर त्यातून चालत आणतं? कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आमच्या लालबागला बायका सकाळी नळावर एकमेकींच्या झिंज्या धरायच्या आणि संध्याकाळी माशाचं कालवण पाठवायच्या. आई म्हणायची, "राग आणि म्हावरा घरात ठेवूचा नसता गो, वास येता." तुमच्या गिरगावात हे कुणी शिकवलं नाही. तुम्हाला माफी मागायलासुद्धा जर्मन माणूस मध्ये लागला.

आणि मी? मी पोथीच्या ओव्या गाळणारी. वर्षभर गाळत गाळत वाचलं आणि नेमकं तेच पान उलटलं.

काल रात्री नीट झोप लागली नाही ती या चिठ्ठीमुळे नव्हे. तुम्ही काय समजलात, या विचाराने. पुस्तक तुम्हाला पाठ होतं. काळाचं प्रकरण ऐकलंत तेव्हा तुम्हाला कळलं की मरणाचं मागे पडलं आणि सुमनने ते वाचलं नाही. मग तुम्हाला काय वाटलं असेल? सवयीने गाळलं? की चिठ्ठीपर्यंत आली, चिठ्ठी वाचली, आणि रागाने सगळी पानं उलटून पुढे गेली? माझं ते पानं उलटणं हेच माझं उत्तर, असं समजलात ना? म्हणून "असेल" म्हणायला लागलात. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचात. आणि मी शालनकडे बसून हसत होते. इस्पितळात हात धरलात तेव्हाही सरळ विचारलं नाहीत. पुस्तक संपव म्हणालात. परत फिरून त्या पानावर जाईल, एवढीच आशा उरली होती का तुम्हाला?

मी नाही वाचली हो ती. मला ठाऊकच नव्हतं. हे तुम्हाला सांगायला मी आता कुठे जाऊ?

तुमचा तो म्हणतो, ज्याचं मरण त्याचं. म्हणू दे. तो काही गिरगावात राहत नाही. इथे चार वाजले की माझे पाय तुमच्या खुर्चीकडे वळतात, आज शालनची वाटी उंबऱ्यावर दिसली तर मी दार लावून घेतलं. मला जे होतंय ते तुमचं मरण नव्हे तर काय आहे? ते मी घेतलंय. तुम्ही नको म्हणालात तरी घेतलंय, तुमच्या भावाचं घेतलं तसंच. यावर तुमचं काही म्हणणं असेल तर ते आता ऐकून घेणार नाही.

आणि माफीचं विचाराल, तर खरं तेच सांगते. त्या दुपारी ती चिठ्ठी दिसली असती तर मी माफ केलं असतं का, माहीत नाही. बहुतेक नसतं केलं. "तेही घेऊ नकोस" हे चार वर्षांत पुसलं गेलं नव्हतं, पेन्सिलीने कुठून पुसलं जाणार? तुम्हाला कदाचित दोन शब्द सुनावलेही असते.

पण वाचता वाचता मी थांबले असते, वन्सं. घसा बसला म्हणून नव्हे. तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसलेल्या असतात आणि माझं ते थांबणं तुम्हाला ऐकू गेलं असतं.